थांबत जाणारी गाडी

११ ऑगस्ट

दादा,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून बाजूला टाकतोस. म्हणून हे पत्र. येईल ते ईमेलनेच, पण मी कागदावर लिहावं तसं लिहितेय, तेव्हा तूही मधेच बंद न करता शेवटपर्यंत वाच. एवढं माझ्यासाठी कर, बाबांसाठी नको.

बाबांच्या घशातली गाठ वाईट निघाली. डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. काढलं तर माणूस वाचेल, त्यामुळे यात विचार करण्यासारखं काही नाही. बाबांनी "विचार करून सांगतो" म्हटलं, जणू समोरच्याने टोपलीचा भाव पाडून मागितला होता. मग दवाखान्यातल्या त्या गोल स्टुलावर बसून त्यांनी विचारलं, की निदान कुजबुजता तरी येईल का. डॉक्टर नाही म्हणाले. ज्या माणसाने जन्मभर मासळी बाजारात ओट्यावर उभं राहून लिलाव पुकारले, ज्याचा आवाज बर्फाच्या कारखान्यापर्यंत जायचा, तो घरी येईपर्यंत बसमध्ये एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, आतापासूनच सराव करतायत की काय.

घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "त्याला बोलाव. मला त्याच्याशी बोलायचंय."

'त्याला' म्हणजे तुला. तुझं नाव ते अजून घेत नाहीत, पण मला दुसरा भाऊ नाही.

काय बोलायचंय ते मी विचारलं, सांगितलं नाही. माफी मागतील असं मी तुला खोटं सांगणार नाही. कदाचित शिव्याही घालतील. फोनवर बोला म्हटलं तर म्हणाले, फोनवर माणूस दिसत नाही. मग निदान मी तुमचं बोलणं भरून ठेवते आणि त्याला पाठवते, असं सुचवलं, तर भडकले. "पेटीत बोलायला मी काय मेलोय?"

बाजारातला तो दिवस मी विसरलेले नाही. बाबांना ताप होता म्हणून तू ओट्यावर उभा राहिलास. पहिल्याच टोपलीला तुझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही आणि व्यापारी हसले. बाबा तसेच तापात उठून आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "उतर खाली. हा आवाज माझ्या घरातला नाही." मी बर्फाच्या पेट्यांपाशी उभी होते. तू एप्रन काढलास, घडी घालून ठेवलास आणि गेलास. आई गेली तेव्हासुद्धा घराचा उंबरा न ओलांडता मागच्या मागे परतलास. बाबांचं चुकलं हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय आणि त्याबद्दल त्यांचा अबोलाही सोसलाय, तेव्हा मला तुझी बाजू कळत नाही असं समजू नकोस.

पण शस्त्रक्रिया २३ तारखेला दुपारी आहे. त्यानंतर तू दहा वेळा आलास तरी समोर मुका माणूस असेल. तुला त्यांचं काही ऐकायचं असेल तर त्याच्या आत ऐकावं लागेल. ऐकायचं नसेल तर तेही कळव, म्हणजे मी त्यांना उगीच दाराकडे बघत बसू देणार नाही.

माझं बरं चाललंय. अजून गाडीच चालवते. तुझं चष्म्याचं दुकान कसं आहे?

तुझी,
बारकी

१९ ऑगस्ट

दादा,

तुझं उत्तर मिळालं. अडीच ओळी, त्यातली अर्धी विमानाच्या नंबराची. बाकीच्या सगळ्या अटी. बाबांना आधी सांगायचं नाही. तू घरी राहणार नाहीस. संध्याकाळच्या विमानाने परत जाणार. कुणी घ्यायला यायचं नाही, आणि विमानतळावर ओळखीचं एक जरी तोंड दिसलं तरी तिथूनच मागे फिरणार. लढाई थांबवतानासुद्धा लोक एवढी कलमं घालत नसतील. पण असू दे, सगळ्या मान्य.

मीही त्या दिवशी कामावर आहे. गाडी सोडून आम्हाला कुठे हलता येत नाही, तेव्हा फुलं घेऊन उभी राहीन अशी भीती बाळगू नकोस. दुपारी सुटले की रुग्णालयात येईन.

आता नीट वाच. टॅक्सी करू नकोस. मोठ्या पुलाचं काम चाललंय, टॅक्सीत बसलेला माणूस तिथेच म्हातारा होतो. तुझ्या वेळी विमानतळापर्यंत रेल्वे नव्हती, आता आहे. सामान घेऊन बाहेर आलास की डाव्या हाताला सरकता जिना खाली जातो. शेजारचा वर जाणारा जिना वाहनतळाचा आहे, सगळे नवखे त्यावर चढतात आणि मग गाड्यांच्या रांगांतून बॅगा ओढत हिंडतात. तिकिटाच्या यंत्राला नोट दिलीस तर ते परत ओकतं, कार्डच वापर. खाली दोन फलाट आहेत. एकावरून जलद गाडी सुटते, ती मधे कुठेही न थांबता थेट शहरात येते. दुसऱ्यावरून साधी, प्रत्येक स्टेशन घेत येणारी. तू साधीत बस. जलद गाडी त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद आहे.

डबा तिसरा घे. शेवटच्या स्टेशनवर तिसऱ्या डब्यासमोरच बाहेरचा जिना येतो. वर आलास की औषधांच्या दुकानांची रांग लागेल, ती संपली की रुग्णालय. कुणाला विचारायचीसुद्धा गरज नाही.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. पण काल मला म्हणाले, निळा सदरा इस्त्री करून ठेव. रुग्णालयात सदरा कशाला लागतो, तिथे त्यांचेच कपडे देतात, असं म्हटलं तर म्हणाले, "आत जाईपर्यंत तर माझेच असतील ना?"

बारकी

२२ ऑगस्ट

दादा,

घाईत लिहितेय. बाबांना आज दाखल केलं. सकाळपासून त्यांचं तोंड थांबलेलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला बाजाराच्या गोष्टी, झाडूवाल्याला सल्ले, नर्सला टोमणे. आवाज फाटलाय, मधेच ठसका लागतो, पाणी पितात आणि जिथून तुटलं तिथून पुन्हा चालू. घरातलं धान्य संपवून टाकावं तसं बोलतायत.

उद्या दुपारी आत नेतील. सर्जन कुणासाठी थांबणारे नाहीत, मी विचारून पाहिलं. विमान वेळेवर उतरलं तर तुम्हा दोघांना पुरेसा वेळ आहे. उतरल्यावर चहापाण्यासाठी रेंगाळू नकोस, सरळ खाली जाऊन गाडी पकड. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय.

आज एका सहकाऱ्याला गोड बोलून एक काम करून घेतलंय. ते नंतर सांगेन, तुला हसू येईल.

संध्याकाळी मी त्यांच्याजवळ फार बसले नाही. उद्याचा दिवस तुझा आहे. माझं काय, मी रोजच त्यांचं ऐकते.

बारकी

२४ ऑगस्ट

दादा,

तू न भेटता गेलास, तेव्हा आता मीच सगळं सांगते. राग आला तर येऊ दे, मलाही आलाय.

जलद गाडी बंद नव्हती. विमानतळाच्या मार्गावरची साधी गाडी मी चालवते, गेल्या वर्षापासून. तुझ्या विमानानंतरची फेरी दुसऱ्या चालकाची होती, ती मी बदलून घेतली. कुणी घ्यायला यायचं नाही असं तू लिहिलं होतंस, कुणी गाडी चालवायची नाही असं लिहिलं नव्हतंस. केवढी हुशार वाटले मी स्वतःला. तुला पत्ता लागणार नाही आणि मी माझ्या हाताने तुला बाबांपर्यंत आणून सोडणार. शेवटच्या स्टेशनवर बदली चालक यायचा होता. त्याच्या ताब्यात गाडी दिली की मीही तुझ्या मागोमाग वर येणार होते.

कॅबमध्ये समोरच्या पडद्यावर प्रत्येक डब्याची दारं दिसतात. विमानतळावर तिसऱ्या डब्याच्या चौकोनात तू आलास. कानावरचे केस पिकलेत तुझे. बॅग आधी आत ठेवलीस, मग स्वतः चढलास आणि मग पुन्हा डोकं बाहेर काढून फलाट बघितलास, कुणी ओळखीचं नाही ना म्हणून. मला हसू आलं. दारं लावली आणि निघाले.

पहिलं स्टेशन नीट गेलं. दुसऱ्या स्टेशनवर शाळेची सहल चढली. त्या पोरांच्या गर्दीतून तू दाराकडे यायची धडपड करताना दिसलास, पण तोवर दारं मिटली होती. गाडी बोगद्यात शिरली आणि कॅबमध्ये घंटा वाजली. तिसऱ्या डब्यातला, संकटात ओढायचा लाल दांडा कुणीतरी ओढला होता.

दांडा ओढला की ओढणाऱ्याचा आवाज थेट चालकापाशी येतो. बोगद्यात गाडी थांबवायची नाही, पुढच्या स्टेशनवर न्यायची आणि तोवर त्या माणसाला बोलतं ठेवायचं, असा आमचा नियम आहे. मी म्हटलं, चालक बोलतेय, काय झालं? आणि पेटीतून बाबा बोलले.

खरंच, क्षणभर मला ते बाबाच वाटले. फाटण्याआधीचे, ओट्यावरचे. मग कळलं की तू आहेस. इतक्या वर्षांत तुझा आवाज मी ऐकलाच नव्हता, तो कधी असा झाला मला माहीत नव्हतं.

"मला उतरायचंय," तू म्हणालास.

"कुणाला लागलंय का? धूर दिसतोय का?" हे विचारावंच लागतं.

"नाही. मी चुकीच्या गाडीत बसलोय."

"ही गाडी शहरात जाते."

"हो. म्हणूनच."

त्यावर काय बोलायचं ते नियमात नाही. मग तूच बोललास. "बाई, तुम्ही गाडी थांबवा. एका माणसाला भेटायला निघालोय मी, पण त्याच्यासमोर माझ्या तोंडातून शब्द फुटणार नाही. मला परत जायचंय."

मी काय उत्तर दिलं ते तुला आठवत असेल. पुढचं स्टेशन येतंय, दाराला टेकून उभे राहू नका. जन्मात पहिल्यांदा तुला अहोजाहो केलं. एकच गोष्ट डोक्यात घण घालत होती. जलद गाडीत बसला असतास तर मधे उतरायला जागाच नव्हती. मी तुला या गाडीत बसवलं आणि प्रत्येक स्टेशनवर तुझ्यासाठी दार उघडून देत होते.

ओढलेला दांडा चालकाने स्वतः जाऊन चावीने वर केल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. म्हणजे मला तुझ्यासमोर यावंच लागणार होतं. फलाटावरून चालताना मी टोपी डोळ्यांवर ओढली, जशी काही त्याने मी वेगळी दिसणार होते. तू दारात बॅग धरून उभा होतास. आधी तुला गणवेश दिसला, मग मी.

"कुणी यायचं नाही असं ठरलं होतं," तू म्हणालास.

"मी आलेली नाही. कामावर आहे."

तुझ्या मागे सहलीच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, गाडी निघणार आहे की आम्ही दुसरी बघू? मी चावी फिरवली. दांडा वर गेला. तुझी बाही धरून तुला आत ढकलावं असं फार वाटलं. तू ऐकलं नसतंस, बाबांनी मला हट्टी वाढवलं आणि तुला माझ्याआधी. म्हणून जे खरं होतं तेच सांगितलं. परतीची गाडी पलीकडच्या फलाटावर येते. बाबांना तू येणार हे मी सांगितलेलं नाही, त्यामुळे तू गेलास तरी त्यांना कळणार नाही. त्यांनी आज निळा सदरा घातलाय. एवढं बोलले आणि पाठ फिरवली, कारण रडत गाडी चालवता येत नाही.

कॅबमध्ये आले तेव्हा नियंत्रण कक्ष रेडिओवर कावला होता. प्रवासी घाबरला होता, आता ठीक आहे, असं कळवलं. पडद्यावर तिसऱ्या डब्यापाशी पोरंच पोरं. तू आत आहेस की बाहेर, काही दिसेना. दारं लावायची घंटा दिली, अजून थोडी थांबले, मग लावली. पुढची सगळी स्टेशनं मी कशी घेतली ते विचारू नकोस. प्रत्येक ठिकाणी त्या चौकोनात तुला शोधत होते आणि प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी दिवटा मधे उभा राहत होता.

शेवटच्या स्टेशनवर गाडी उभी केली, कॅब बंद करून बाहेर धावले, तर फलाट रिकामा. तिसऱ्या डब्यासमोर जिना आहे हे मीच तुला लिहिलं होतं. आत गेलास असशील तर केव्हाच वर गेला असशील, नसशील तर विमानतळावर.

आणि बदली चालक नव्हता. दांड्यामुळे आम्हाला उशीर झाला, तोवर त्याला दुसऱ्या गाडीवर पाठवलं होतं. मी नियंत्रण कक्षाला सांगितलं की वडिलांची शस्त्रक्रिया आहे. ते म्हणाले, माणूस मिळाला की लगेच सोडतो, पण भरलेली गाडी फलाटावर ठेवता येणार नाही. फोन आमचे कपाटात कुलपात असतात. तिथून रुग्णालय एवढं जवळ, की जिना चढले असते तर त्याचं फाटक दिसलं असतं. मी गाडीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि विमानतळाकडे निघाले.

परतले तेव्हा माणूस मिळाला होता. धावत वर पोचले तर बाबांची खाट नव्हती. निळा सदरा घडी करून उशीवर ठेवला होता. नर्सने सांगितलं, तुमचे भाऊ आले होते, दोघं बराच वेळ बोलले, एकदा तर इतके हसले की मला दटावावं लागलं. आत नेताना बाबांनी विचारलं, बारकी आली का. नाही म्हटल्यावर त्यांनी तुला खाली वाकायला सांगितलं आणि माझ्यासाठी काहीतरी निरोप दिला.

"भाऊ चहाला गेलेत," ती म्हणाली. मी बाकावर बसून राहिले. सर्जन बाहेर आले, सगळं व्यवस्थित झालं म्हणाले. चहा इतका लांबचा नसतो, दादा.

मला तुझ्याशी भांडायचं नाही. तू आत गेलास, बोललास, मला आनंद झाला. पण त्या माणसाकडचे शेवटचे शब्द माझ्यासाठी होते आणि ते तू खिशात घालून विमानात बसलास. ते माझे आहेत. मला दे.

बारकी

९ सप्टेंबर

दादा,

काल दुपारी कपाटातून फोन काढला तर तुझा बोललेला निरोप येऊन पडला होता. तो मी लगेच ऐकला नाही. हा ऐकला की बाबांचं माझ्याशी बोलणं संपलं, त्यानंतर ते लिहून दाखवतात ती पाटीवरची अक्षरंच. फोन पदराला बांधावा तसा जपत घरी आणला, जेवले नाही, आणि आज सकाळी रुग्णालयात घेऊन गेले. म्हटलं, ज्याचं बोलणं आहे त्याच्यासमोरच ऐकू.

बाबा उशीला टेकून बसले होते. गळ्याला पट्टी, नळीतून श्वास. दादाजवळ काय निरोप दिलात असं मी त्यांना आधी विचारलं होतं, तेव्हा त्यांनी पाटीवर 'त्याला विचार' एवढंच लिहिलं होतं. मी फोन त्यांच्या मांडीवर ठेवला आणि लावला.

तू म्हणालास, "बारके, मी चहाला गेलो नव्हतो. तुझ्या तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, कारण ते तू ऐकायला हवं होतंस आणि ऐकलं मी. बाबांनी विचारलं, कशाने आलास. मी म्हटलं, गाडीने. कुणी चालवली? मी म्हटलं, बारकीने, आणि मी मधे दांडा ओढला. तेव्हा ते हसले. आत नेताना म्हणाले, तिला सांग, बरा झालो की तिच्या गाडीने विमानतळापर्यंत जाऊन येऊ. तिथे माझं काही काम नाही, पण जाऊन येऊ."

तिथे तुझा निरोप संपला.

मी रडले, ते सांगायला नको. बाबा रडले नाहीत. डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी डोळे न उघडता बोट हवेत गोल फिरवलं. पुन्हा लाव. मी पुन्हा लावलं. ते संपलं, पुन्हा बोट. किती वेळा लावलं मोजलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, कोण बोलतंय हे? बाबांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग थांबून फोनकडे बोट दाखवलं. त्याला काही कळलं नाही, मी समजावत बसले नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांना घरी सोडतील. महिनाअखेर हिंडायची परवानगी आहे. त्यांनी पाटीवर 'गाडी कधी' असं लिहून दोनदा दाखवलंय, तेव्हा आता टाळता येणार नाही. नळीत कफ अडकला तर ती लगेच साफ करावी लागते, म्हणून त्यांना डब्यात एकटं बसवता येत नाही. मी तर पुढे कॅबमध्ये असेन.

त्यांच्या शेजारी बसायला कुणीतरी लागेल.

बारकी